सोल २०२७ : जागतिक युवा दिनाला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

३ ते ८ ऑगस्ट २०२७ या सहा दिवसांत जागतिक युवा दिनाच्या मेळाव्यासाठी जगभरचे तरुण कॅथलिक यात्रेकरू दक्षिण कोरियातल्या सोल शहरात जमणार आहेत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी डिसेंबर १९८५ मध्ये या उपक्रमाची घोषणा केली. १९८७ ला ब्युनोस आयर्सला पहिला मोठा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला आणि तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी, कधी चार वर्षांनी, तो एकेका देशात भरतो. आशियात तो याआधी एकदाच आला होता, १९९५ ला मनिलात. पोर्तुगालमधल्या लिस्बनला २०२३ मध्ये शेवटच्या मिस्सेला (कॅथलिक उपासनाविधीला) सुमारे १५ लाख लोक होते. सोल आपल्यापासून त्या मानानं जवळ, त्यामुळे वसई, मुंबई, पुणे, गोव्याच्या पॅरिशांतून (स्थानिक चर्चच्या विभागांतून) या वेळी पहिल्यांदाच जाणारे बरेच असतील. हा लेख त्यांच्यासाठी.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. ही सहल नव्हे. हॉटेल नाही, बस दारात येत नाही, जेवणाला रांग असते आणि शनिवारची रात्र उघड्यावर काढायची असते. बॅग, बूट, गट, औषधं, परतीचं तिकीट हे सगळं त्या एका रात्रीचा विचार करून ठरवलं, तर बाकीचे पाच दिवस आपोआप सोपे जातात.

आठवडा कसा जातो

दर मेळाव्याची घडण जवळजवळ सारखी असते. मंगळवारी (सोलसाठी ३ ऑगस्ट) यजमान शहराचे आर्चबिशप उद्घाटनाची मिस्सा अर्पण करतात. पोप त्या दिवशी नसतात, हे नव्यांना माहीत नसतं आणि मग हिरमोड होतो. पोपचं स्वागत बहुधा गुरुवारी, शुक्रवारी क्रुसाची वाट (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना), शनिवारी रात्री जागरण आणि रविवारी सकाळी समारोपाची मिस्सा. बुधवार ते शुक्रवार सकाळी भाषेप्रमाणे ठिकठिकाणच्या चर्चमध्ये सत्रं होतात. एखादे बिशप बोलतात, प्रश्नोत्तरं होतात, शेवटी मिस्सा. मराठीत सत्र मिळणार नाही, इंग्रजीत बसायची तयारी ठेवा. दुपार-संध्याकाळ संगीत, नाटकं, प्रदर्शनं आणि पापनिवेदनाची मोठी व्यवस्था. लिस्बनला एका बागेत कैद्यांनी बनवलेल्या १५० लाकडी कबुलीपेट्या मांडल्या होत्या.

मुख्य आठवड्याआधी ‘धर्मप्रांतांतले दिवस’ असतात. यात्रेकरू देशभरच्या वेगवेगळ्या धर्मप्रांतांत (एकेका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागांत), बरेचदा स्थानिक कुटुंबांच्या घरी राहतात. रजा आणि पैसे दोन्ही कमी असतील आणि काहीतरी सोडावंच लागणार असेल, तर बरेच लोक हे दिवस सोडतात. आमच्या मते ही चूक आहे. कोरियन चर्चची खरी ओळख तिथंच होते. तिथलं चर्च परदेशी मिशनऱ्यांनी सुरू केलेलं नाही. पुस्तकं वाचून विश्वासाकडे वळलेल्या कोरियन लोकांपैकी यी सुंग-हुन यांनी १७८४ मध्ये बीजिंगला जाऊन बाप्तिस्मा घेतला आणि परत येऊन इतरांना दिला. पुढे शंभर वर्षं छळ झाला. १०३ कोरियन हुतात्म्यांना ६ मे १९८४ रोजी सोलमध्येच संतपद मिळालं, आणि पोप फ्रान्सिस यांनी १६ ऑगस्ट २०१४ रोजी आणखी १२४ जणांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. एवढं वाचून गेलात तरी सोसोमुन किंवा जोल्दुसान या हुतात्मास्थळी उभं राहिल्यावर आपण कुठं आलोय ते कळेल.

पायरी १ : आधी गट, मग तिकीट

एकट्यानं नोंदणी होऊ शकते, पण पहिल्यांदा जाताना तसं करू नका. राहण्याची जागा, जेवण, जागरणाच्या मैदानातला विभाग हे सगळं गटाच्या नावावर मिळतं. एकट्या माणसाला कुठल्या तरी अनोळखी गटात घालतात किंवा तो कडेला राहतो.

पॅरिशच्या युवा गटाला, मग धर्मप्रांताच्या युवा केंद्राला विचारा. धर्मप्रांताचा एकच मोठा गट निघाला तर त्यात जा. व्हिसासाठी लागणारं पत्र, बिशपांची शिफारस, विमा हे सगळं तिथून एकत्र हलतं. लिस्बनचा मेळावा मुख्यतः १४ ते ३० वयोगटासाठी होता. मोठी माणसं गटप्रमुख, फादर, सिस्टर म्हणून जातात. १८ खालच्या मुलांबरोबर जबाबदार प्रौढ लागतो आणि आई-वडील दोघांचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागेल असं धरूनच चला.

मोठा गट कितीही मोठा असो, आतली तुकडी १० ते १२ जणांचीच ठेवा. त्याहून मोठी तुकडी गर्दीच्या मेट्रोत एका डब्यात एकत्र चढू शकत नाही आणि मोजणीत चुकते. प्रत्येक तुकडीत कामं आधीच वाटून द्या:

- एक जण मोजणी करणार. प्रत्येक दारातून, प्रत्येक प्लॅटफॉर्मवर. नावं घेऊन नव्हे, आकडे म्हणत : प्रत्येकाला कायमचा नंबर द्या, आणि ‘सात’ गप्प बसला की लगेच कळतं.
- एकाकडे औषधं आणि ज्याच्या त्याच्या ॲलर्जीची यादी.
- एकाकडे जेवणाची कुपनं आणि पाणी.
- सर्वांत मागं चालणारा एक, शक्यतो उंच आणि शांत स्वभावाचा. पुढं चालणाऱ्यापेक्षा हा महत्त्वाचा. गट नेहमी मागूनच तुटतो.

गटात कोणाला घेताय याकडेही डोळे उघडे ठेवून बघा. दर मेळाव्याला काही जण परतायचंच नाही या इराद्यानं नाव घालतात. २०२३ ला पोर्तुगालमध्येही काही यात्रेकरू आल्या आल्या गायब झाले. असा एक माणूस गटात निघाला तर पुढच्या वेळी अख्ख्या पॅरिशच्या व्हिसाची पंचाईत होते. कधी मिस्सेला न दिसलेला, युवा गटाला अनोळखी, पण पूर्ण पैसे एकदम रोख द्यायला तयार असा कोणी आला, तर फादरांशी बोलल्याशिवाय नाव लिहू नका.

पायरी २ : कागदपत्रं

इथं सर्वांत जास्त लोक अडकतात, तेही नावामुळे. पासपोर्टवर असेल तसंच नाव नोंदणीत, तिकिटावर आणि व्हिसा अर्जात हवं. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव चर्चच्या दाखल्यात डि'सोझा, आधारवर डिसोजा, शाळेच्या दाखल्यात डिसोझा असतं. पासपोर्टच्या इंग्रजी नावात अपॉस्ट्रॉफीची (') खूण नसेल तर तिकिटावरही ती नको. काहींच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असते आणि सगळं नाव एकाच ओळीत असतं. विमान कंपनीची वेबसाइट अशा वेळी आडनाव सक्तीनं मागते आणि लोक मनानं काहीतरी भरतात. तसं करू नका, कंपनीला विचारून भरा. अजून वर्ष हाताशी असेल तर पासपोर्टच दुरुस्त करून घ्या.

पासपोर्टची मुदत परतीनंतर सहा महिने तरी हवी, म्हणजे किमान फेब्रुवारी २०२८ पर्यंत. दोन कोरी पानं बघून ठेवा.

भारतीय पासपोर्टवर कोरियाला आधी व्हिसा काढावा लागतो. साधारण लागणारे कागद असे : अर्ज, ३.५ × ४.५ सेंमीचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, गेल्या सहा महिन्यांचं बँकेचं शिक्का मारलेलं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं किंवा कॉलेजचं ना हरकत पत्र, आणि संयोजकांचं निमंत्रणपत्र. विद्यार्थ्यांनी आई-वडिलांची आर्थिक कागदपत्रं आणि त्यांच्याशी असलेलं नातं दाखवणारा दाखला जोडायचा. यादी बदलत असते, अर्जाच्या आठवड्यात पुन्हा बघा.

दोन चुका वारंवार होतात. पहिली, अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम दोन लाख भरणं. अधिकारी नुसती शिल्लक बघत नाहीत, सहा महिन्यांची चाल बघतात. दुसरी, फार लवकर अर्ज करणं. एका प्रवेशाच्या व्हिसाची मुदत दिल्या तारखेपासून सहसा तीन महिने असते. मार्चमध्ये काढलेला व्हिसा ऑगस्टला कामाचा नाही. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात अर्ज जाईल असं बसवा.

गोव्याच्या गटांनी आणखी एक बघावं. गटात काहींचे पासपोर्ट पोर्तुगीज असतात. त्यांचे कोरियाचे प्रवेशनियम वेगळे, त्यामुळे व्हिसाच्या यादीत त्यांची नावं मिसळू नका. आणि परत भारतात शिरायला त्यांना ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं) कार्ड लागतं. ते घरी कपाटात ठेवून निघालेला माणूस परतीच्या विमानतळावर अडकतो.

पोहोचण्याआधी तीन दिवसांत कोरियाचं ई-अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती सरकारी नाही. ‘व्हिसा हमखास’ म्हणणाऱ्या एजंटांचंही तसंच. एजंट विमानाचं तिकीट काढून देऊ शकतो, यात्रेकरू म्हणून नोंदणी फक्त मेळाव्याच्या अधिकृत यंत्रणेतून होते.

पायरी ३ : पैसे

खर्चाचे पाच भाग करा : विमान, नोंदणी, व्हिसा, विमा, हातखर्च. नोंदणीत किती रात्री, किती जेवणं आणि शहरातला प्रवास धरलाय की नाही ते नीट वाचा. पॅकेज वेगवेगळी असतात आणि सर्वांत स्वस्त पॅकेजात बहुतेक वेळा राहण्याची सोय नसते. आजवरच्या अनेक मेळाव्यांत देशाच्या आर्थिक स्थितीप्रमाणे शुल्क कमी-जास्त असायचं, आणि गरीब देशांतल्या तरुणांसाठी एक निधीही असतो. त्याबद्दल धर्मप्रांताच्या कार्यालयातच विचारा.

गटाचे पैसे गटप्रमुखाच्या जीपेवर गोळा करू नका. पॅरिशचं खातं, पावती, आणि रद्द केल्यास किती परत मिळणार याचा एक लेखी कागद. हे सुरुवातीला ओशाळवाणं वाटतं, पण व्हिसा नाकारला गेल्यावर भांडण याच कागदावरून होतं.

मुंबईतून सोलला जाताना बहुतेकांना वाटेत एकदा विमान बदलावं लागतं. जुलैअखेर मुंबईत पाऊस कसा असतो ते सांगायला नको. दोन विमानांमध्ये किमान चार तास ठेवा आणि एक दिवस आधी पोहोचा.

पायरी ४ : पाय

सहा दिवसांत रोज १० ते १५ किलोमीटर चालणं धरा. जागरणाच्या दिवशी त्याहून जास्त, पाठीवर ओझं घेऊन. पोलंडमधल्या क्राकोला २०१६ मध्ये मैदान शहराबाहेर ब्झेगीला होतं आणि अनेक गट दहा-बारा किलोमीटर चालत गेले. रस्ते बंद असतात, त्यामुळे टॅक्सीचा पर्याय नसतो.

तयारी मे महिन्यापासून. आठवड्यातून तीनदा ५ किलोमीटर, रविवारी लांब चाल. रविवारची चाल ६ पासून सुरू करून दर आठवड्याला दोन-दोननं वाढवत १६ पर्यंत न्या. शेवटच्या तीन चाली पाठीवर ६ किलोची बॅग घेऊन आणि सोलला घालणार तेच बूट-मोजे घालून. एक तरी चाल भर पावसात करा. ओल्या मोज्यात फोड कुठं येतात ते घरीच कळलेलं बरं.

नवे बूट जुलैत घेऊ नका. पाऊल चालून सुजतं, म्हणून बूट संध्याकाळी जाऊन घ्या आणि अंगठ्यापुढं बोटभर जागा ठेवा. कापसाचे मोजे घाम धरून ठेवतात, कृत्रिम धाग्याचे बरे. निघण्याआधी टाच आणि बोटांमध्ये व्हॅसलिन. फोड येणार अशी जळजळ सुरू झाली की तिथंच थांबून कापडी चिकटपट्टी लावा. ‘मुक्कामी गेल्यावर बघू’ म्हणणारा दुसऱ्या दिवशी लंगडतो आणि त्याच्यामागे अख्खी तुकडी हळू होते. फोड फोडू नका, कातडी काढू नका.

पायरी ५ : बॅग

युरोपातल्या मेळाव्यांच्या याद्या इंटरनेटवर खूप आहेत. त्यातली जाड स्लीपिंग बॅग सोलसाठी विसरा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिथं दिवसा ३० ते ३५ अंश आणि वर दमटपणा असतो, रात्रीही तापमान २५ च्या खाली उतरेलच असं नाही. आपली दोन बाय सहा फुटांची घडीची चटई, एक पातळ चादर आणि फुंकून फुगवायची उशी पुरते. शाळेच्या हॉलमध्ये वातानुकूलन मात्र जोरात असू शकतं, म्हणून पूर्ण बाह्यांचं एक पातळ जॅकेट.

मोठी बॅग मुक्कामी राहते, पाठीवरची रोज बरोबर. पाठीवरच्या बॅगेत:

- पाण्याची एक लिटरची बाटली. सोलमध्ये नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.
- ओआरएसची चार-पाच पाकिटं. पाकिटावर बघा : मोठं पाकीट एका लिटरला असतं, छोटं २०० मिलिलिटरला. मोठं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवलं तर उलटी होते आणि माणूस आणखी कोरडा पडतो.
- प्लास्टिकचा रेनकोट, सर्वांत वर. छत्री नको, गर्दीत ती मागच्याच्या डोळ्यात जाते आणि कोणाला काही दिसत नाही.
- टोपी, रुमाल, सनस्क्रीन, टॉयलेट पेपरचा एक रोल.
- १०,००० एमएएचची पॉवर बँक. ती चेक-इन बॅगेत चालत नाही. कोरियन विमान कंपन्या ती डोक्यावरच्या कप्प्यातही ठेवू देत नाहीत; जवळ ठेवायची.
- छोटा एफएम रेडिओ, वायरच्या इअरफोनसह. पोपच्या कार्यक्रमांचं भाषांतर आजवर बरेचदा एफएमवर ऐकवलं गेलंय. बऱ्याच नव्या फोनमध्ये एफएम नसतं, आणि लाखोंच्या गर्दीत इंटरनेट चालेलच असं नाही. रेडिओ असलेल्या माणसाभोवती मग पाच जण बसतात.
- राहण्याच्या जागेचा पत्ता कोरियन लिपीत छापलेलं कार्ड. इंग्रजी पत्ता दाखवून टॅक्सीवाल्याला काही कळेलच असं नाही.

कोरियातले प्लग दोन गोल पिनांचे, २२० व्होल्ट. आपले दोन बारीक पिनांचे मोबाइल चार्जर चालतात, तीन पिनांचे नाहीत. गटात एक ॲडॅप्टर आणि एक एक्स्टेंशन बोर्ड असला की वीस फोन सुटतात.

खाण्याचं : चिवडा, भडंग, सुकी लसणाची चटणी न्या. मांसाचे पदार्थ कोरियात आणायला बंदी आहे आणि दंड मोठा आहे. गोव्याची चुरीस, सॉसेज, घरचं सुकं मटण कितीही घट्ट पॅक केलं तरी नको. ताजी फळंही नकोत. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. कोडीनसारखे घटक असलेलं खोकल्याचं औषध तिथं गुंगीच्या पदार्थांत मोडू शकतं, ते घरीच ठेवा.

देण्याघेण्याच्या वस्तू विसरू नका. मेळाव्यात अनोळखी देशांचे तरुण एकमेकांना बिल्ले, पट्ट्या, जपमाळा, कार्डं देतात आणि रिकाम्या हातानं उभं राहणं जिवावर येतं. प्रत्येकी ३०-४० छोट्या, हलक्या वस्तू पुरतात. वसईकरांकडे संत गोन्सालो गार्सिया यांचं कार्ड आहेच. वसईत जन्मलेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झालेला हा संत पूर्व आशियातल्या तरुणांना ऐकून तरी माहीत असतो किंवा ऐकायला आवडतो. पालघरच्या वारली चित्रांच्या पुस्तकखुणाही हातोहात संपतात.

तिरंगा नेणार असाल तर त्यावर सह्या घेऊ नका. इतर देशांचे तरुण आपापल्या झेंड्यांवर सर्रास सह्या घेतात, पण आपल्या ध्वजसंहितेत ध्वजावर लिहायला, तो जमिनीला लागू द्यायला किंवा अंगावर पांघरायला मनाई आहे. सह्यांसाठी एक पांढरा टी-शर्ट न्या.

पायरी ६ : सोलमधलं रोजचं

इंचॉन विमानतळावरून शहरात यायला विमानतळ रेल्वे सर्वांत सोपी. एक्स्प्रेस गाडी सोल स्टेशनला टर्मिनलप्रमाणे साधारण पाऊण ते एका तासात पोहोचते. दुकानातून टी-मनी कार्ड घेऊन त्यात रोख पैसे भरा, मेट्रो आणि बस दोन्हीला चालतं. घड्याळ साडेतीन तास पुढं करा. रस्ते शोधायला गूगल मॅपवर विसंबू नका, चालण्याच्या वाटा तो तिथं नीट दाखवत नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घरूनच टाकून घ्या, भाषांतराला पापागो. पोलीस ११२, रुग्णवाहिका ११९, पर्यटकांसाठी इंग्रजीतून मदत १३३०.

म्यंगदोंग कॅथेड्रल (१८९८) त्याच नावाच्या मेट्रो स्टेशनजवळ आहे. मेळाव्याच्या दिवसांत तिथं रांग असणार, सकाळी सातच्या आत जा.

तिखट खाणाऱ्यांना कोरियन जेवण चौथ्या दिवसापर्यंत आवडतं, मग वरणभाताची आठवण येते. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या सीयू, जीएस२५ अशा दुकानांत त्रिकोणी भाताचे किंबाप मिळतात आणि रामेनला गरम पाणीही. शाकाहारी असाल तर जरा कठीण आहे, किमचीतसुद्धा (आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात) बहुधा मासळीचा अंश असतो. कचऱ्याचे डबे रस्त्यावर फारसे नसतात. प्रत्येकानं खिशात एक पिशवी ठेवा आणि कचरा मुक्कामी नेऊन वेगवेगळा करून टाका. यजमान शाळेशी वाद बहुतेक वेळा यावरूनच होतात. दुसरं कारण रात्री अकरानंतर गिटार.

उष्णतेला हलक्यात घेऊ नका. ‘आम्ही मुंबईचे, आम्हाला काय ऊन’ हे वाक्य धोक्याचं. याच कोरियात, याच आठवड्यात, ऑगस्ट २०२३ मध्ये सेमांगमला जागतिक स्काउट जांबोरी भरली होती. शेकडो मुलं उष्णतेनं आजारी पडली आणि शेवटी खानून वादळामुळे तळच रिकामा करावा लागला. चालताना तासाला अर्धा लिटर पाणी, तहान लागो न लागो. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आले की सावली, ओआरएस, पाय वर. माणूस असंबद्ध बोलायला लागला, अंग तापून त्याला भोवळ आली, तर ११९ लावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत मान, काखा, जांघा इथं ओलं कापड किंवा बर्फ लावून वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पायरी ७ : शनिवारची रात्र

मैदान कुठलं, हे शेवटपर्यंत बदलू शकतं. रिओला २०१३ मध्ये ग्वाराचिबाचं मैदान पावसानं चिखल झालं आणि सगळं कोपाकबानाच्या किनाऱ्यावर हलवलं. म्हणून ‘मैदानाजवळ’ म्हणून आधीच हॉटेल घेण्यात अर्थ नाही.

तुमच्या ओळखपत्रावर विभाग लिहिलेला असतो. त्याच विभागात जा. वेदीच्या जवळच्या विभागात घुसायच्या नादात लोक दोन-दोन तास कुंपणावर उभे राहतात आणि तोवर त्यांची स्वतःची जागा जाते. पोप कुठूनही पडद्यावरच दिसतात. सकाळी लवकर निघा, दुपारी दोनच्या आत विभागात बसलेलं असा. जेवणाचं खोकं वाटेत किंवा विभागाच्या तोंडाशी मिळतं. ते घेतल्याशिवाय आत गेलात तर परत उलटं येणं जवळजवळ अशक्य.

जागा मांडणं हे एक शास्त्रच आहे. दहा जणांना तीन बाय चार मीटरची ताडपत्री लागते. उतार असेल तर डोकी वरच्या बाजूला. पाण्याच्या टाकीजवळ नको, तिथं रात्रभर चिखल आणि वर्दळ. शौचालयापासून साठ-सत्तर पावलं लांब, पण त्याच रांगेत. रुग्णवाहिकेचा आणि कम्युनियनचा (मिस्सेतली पवित्र भाकर वाटण्याचा) रस्ता आखलेला असतो. तो मोकळा दिसला म्हणून त्यावर चटया टाकू नका, स्वयंसेवक मध्यरात्री उठवतात. ताडपत्रीच्या कोपऱ्यांवर बॅगा, बूट एका पिशवीत घालून उशाशी. तुकडीचा बावटा लांब काठीवर उभा करा आणि त्यावर छोटा दिवा बांधा. रात्री शौचालयाहून परतणाऱ्याला हजारो चटयांतून आपली चटई सापडत नाही, तेव्हा तो दिवा शोधतो.

फोन चालणार नाही असं धरा. हरवल्यावर भेटायची जागा दिवसाउजेडी ठरवा : ‘दिव्याचा खांब क्रमांक अमुक’, ‘माहिती तंबूचं डावं दार’. ‘स्टेजजवळ’ ही जागा नव्हे. दर तासाला ठरलेल्या मिनिटाला तिथं एक जण जाऊन येईल असं ठरवलं की हरवलेला तासाभरात सापडतो.

शौचालयाची सर्वांत मोठी रांग दोनदा लागते : आराधना संपल्या संपल्या आणि सकाळी सहा ते सात. जागरण सुरू होण्याआधी एकदा आणि पहाटे चारला एकदा जाऊन या.

संध्याकाळी गाणी, साक्ष, पोपचं बोलणं आणि मग पवित्र साक्रामेंताची (येशूची उपस्थिती मानलेल्या पवित्र भाकरीची) आराधना. लाखो माणसं एकदम गप्प होतात. त्या वेळात खोकं उघडणं, सेल्फी काढणं, मोजणी करणं नको, मोजणी आधीच करून घ्या.

आराधनेनंतर दोन-दोन जणांनी आळीपाळीनं जागं राहा, बाकीच्यांनी झोपा. पावसाची तयारी झोपण्याआधीच करून ठेवा. माद्रिदला २०११ मध्ये जागरणाच्या वेळी वादळ आलं, तंबू कोसळले आणि दुसऱ्या सकाळी बहुसंख्य यात्रेकरूंना कम्युनियन मिळू शकलं नाही. वादळ आलं तर तंबूत किंवा स्टेजच्या सांगाड्याखाली धावू नका. ताडपत्रीचा अर्धा भाग डोक्यावर ओढून एकत्र बसा आणि ध्वनिक्षेपकावरच्या सूचना ऐका.

पायरी ८ : रविवार आणि परत येणं

सकाळी चटया गुंडाळून उभं राहायला जागा करा. कम्युनियनच्या वेळी फादरांबरोबर उघडी छत्री धरलेला स्वयंसेवक असतो. छत्री आपल्या विभागात येते, आपण तिच्यामागे पळायचं नसतं. शेवटी पोप पुढच्या मेळाव्याचं ठिकाण जाहीर करतात. सोलचं नाव असंच ६ ऑगस्ट २०२३ ला लिस्बनला जाहीर झालं होतं.

मग सगळे एकदम निघतात, आणि आठवड्यातली सर्वांत धोकादायक वेळ हीच. उपाशी, न झोपलेले, उन्हात, पाठीवर ओझं आणि दारापाशी रेटारेटी. घाई करू नका. जागेवरच बसा, उरलेलं खा, पाणी भरून घ्या, जागा साफ करा. दीड-दोन तासांनी निघालात तर मेट्रोच्या दाराशी तुम्ही पुढं गेलेल्यांच्या बरोबरीनंच पोहोचता. दाटीत अडकलात तर हात छातीसमोर घ्या, पडलेली वस्तू उचलायला वाकू नका, आणि गर्दीच्या ओघाला तिरकं होत कडेला सरका.

परतीचं विमान रविवारचं घेऊ नका, सोमवार सकाळचंही नको. मंगळवारचं घ्या. सोमवारी झोपा, कपडे वाळवा, यजमानांचा हॉल झाडून द्या, चाव्या परत करा. नवीन दोस्तांचे ई-मेल पत्ते लिहून घ्यायचे राहिले असतील तर तेही सोमवारीच. आणि बॅग भरताना पॉवर बँक पुन्हा हातातल्या बॅगेत ठेवा. ती मोठ्या बॅगेत राहिली तर परतीच्या विमानतळावर बॅग उघडावी लागते.